कापडावरचा नकाशा : आधुनिक ख्रिस्ती इतिहासाच्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर

आज उपासनेनंतर तरुण संघाची बैठक झाली. नाताळच्या आधी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सभागृहात प्रदर्शन भरवायचं, हे नक्की झालं. विषय पाळकसाहेबांनी दिला: गेल्या सव्वादोनशे वर्षांच्या ख्रिस्ती इतिहासातली मोठी माणसं आणि चळवळी. मुलांनी यादी करूनच आणली होती. विल्यम कॅरी, विल्बरफोर्स, मूडी, बिली ग्रॅहम, मदर तेरेसा, मार्टिन ल्यूथर किंग. शेवटी वेगळ्या शाईत ‘आपल्याकडचे’ असा मथळा आणि त्याखाली पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक.

तो मथळा मला बोचला. यादीतली नावं योग्यच आहेत, पण मांडणी अशी की जगाचा इतिहास तिकडे घडला आणि आपल्या वाट्याला त्यातलं थोडंफार आलं. मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि ही समजूत वर्गातही कायम भेटते: मराठी मुलूख घेणारा, देणारे दुसरे. तारखा नीट लावून पाहिल्या तर ती टिकत नाही. हे प्रदर्शन त्यासाठीच करायचं, असं मी मुलांना सांगितलं.

म्हणून फोटोंची रांग रद्द. मधोमध जगाचा मोठा नकाशा आणि भोवती फलक. प्रत्येक फलकावर ठिकाण, साल आणि तिथून काय निघालं व कुठे पोचलं एवढं आलंच पाहिजे. बाकी मजकूर दीडशे शब्दांत.

फ्लेक्स की कापड यावर थोडी ओढाताण झाली. आमच्या मंडळीतले आजोबा जन्मभर मागावर होते, जुन्या मिलचा भोंगा त्यांच्या अजून कानात आहे. सोलापुरात बसून प्लॅस्टिकवर छापायचं हे त्यांना पटेना. कापडच घ्यायचं ठरलं, आणि ते तेच आणून देणार.

१२ ऑक्टोबर

पहिल्या फलकाचा मजकूर तयार झाला. सुरुवात गवताच्या गंजीपासून.

१८०६ चा ऑगस्ट. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं, विजा कडाडू लागल्या, तेव्हा ते गंजीच्या आडोशाला गेले. परदेशात सुवार्ता न्यायची, हे बोलणं तिथंच झालं. सॅम्युअल मिल्स त्यांच्यात पुढे होता. चार वर्षांनी, १८१० साली, परदेशात मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड स्थापन झालं आणि १८१२ मध्ये पहिली तुकडी जहाजानं निघाली. कलकत्त्याला पोचल्यावर कंपनी सरकारनं त्यांना परत जायला सांगितलं. त्यात अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटलं. अडोनिराम जडसन ब्रह्मदेशाकडे वळले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्यांनाही हाकलायचा हुकूम होताच. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जविनंत्या करत त्यांनी दिवस काढले. त्याच वर्षी कंपनीची सनद नव्यानं झाली आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली.

अमेरिकन बोर्डाचं परदेशातलं पहिलं टिकलेलं ठाणं ते हे, मुंबईचं. पुढे बोर्डाची माणसं जगभर गेली, पण परक्या देशात भाषा कशी शिकायची, शाळा कशा चालवायच्या, छापखाना कसा उभारायचा, हे सगळं ती आधी मराठीत शिकली. हॉल यांना त्यासाठी जीव द्यावा लागला. १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात त्यांना पटकी झाली.

मग १८३१ साली अहमदनगर. सोलापूरला रेल्वे आली १८६० साली आणि त्याच दशकात हे मिशन इथं पोचलं. आमच्या मंडळीचं मूळ त्यात आहे. मुलांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नव्हतं. गंजीपासून आपल्या बाकापर्यंतची रेघ त्यांनी स्वतः काढून पाहिली आणि बैठकीचा नूरच बदलला.

१९ ऑक्टोबर

दिवाळीमुळे आज माणसं कमी. सिंथिया फरार यांचा फलक मात्र पुरा केला.

अमेरिकन बोर्डानं परदेशात पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी या बाई. १८२७ साली मुंबईत आल्या, मग नगरला गेल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ साली नगरलाच वारल्या. जोतीराव फुले यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. फरारबाईंच्या शाळेतून निघालेली वाट मिशनच्या कुंपणाबाहेर गेली आणि तिथं तिनं स्वतःचं रूप घेतलं. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी सत्यशोधक समाज काढला. ख्रिस्ती चळवळींचा हिशेब बाप्तिस्म्यांच्या वहीवरून मांडणाऱ्यांना हा फलक अडचणीचा वाटेल. मला तो प्रदर्शनातल्या सगळ्यात महत्त्वाच्या फलकांपैकी एक वाटतो.

२ नोव्हेंबर

आजचा पूर्ण दिवस केडगावला दिला. दौंडच्या अलीकडे-पलीकडे गाडीतून जाताना हे स्टेशन आपण कितीदा पाहिलेलं असतं. पुणे-सोलापूर मार्गावरचं साधं स्टेशन, आणि त्याच्याजवळ रमाबाईंचं मुक्ती मिशन.

रमाबाईंचं आयुष्य दीडशे शब्दांत बसत नाही, म्हणून त्यांना दोन फलक दिले. जन्म १८५८. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. पुराणं सांगत भावाबरोबर देशभर पायपीट. १८७८ साली कलकत्त्यात पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, पदरी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं बाप्तिस्मा. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर आलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या जमिनीवर वस्ती उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथं दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. शेती, विणकाम, दुग्धालय, छापखाना, सगळं बायकाच चालवत.

एवढं पुष्कळांना माहीत असतं. दुसऱ्या फलकावरची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

१९०४ च्या शेवटी वेल्समध्ये मोठं संजीवन, म्हणजे मंडळ्यांमध्ये श्रद्धेची नवी जागृती, झालं. इव्हान रॉबर्ट्स हा पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेला तरुण त्याच्या अग्रभागी होता. १९०५ च्या मार्चमध्ये ईशान्य भारतातल्या खासी टेकड्यांवरच्या मंडळ्यांत तेच घडलं, कारण तिथलं मिशन वेल्सचंच होतं. जूनमध्ये ते केडगावला झालं. मुली पहाटेपर्यंत प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, टाळ्या वाजवून भजनं म्हणत होत्या. मग त्यांच्या टोळ्या करून रमाबाईंनी त्यांना आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला पाठवलं. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर यांच्या सभा सुरू झाल्या १९०६ च्या एप्रिलमध्ये. सीमोर गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. त्यांच्या सभेत गोरे-काळे एकत्र बसत, आणि त्या काळच्या अमेरिकेत हे विलक्षणच होतं. पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीचा जन्म तिथं झाला, असं सर्रास सांगितलं जातं. केडगाव त्याच्या दहा महिने आधी. अझुसामध्ये स्वतः हजर असलेले फ्रँक बार्टलमन यांनीच लिहून ठेवलंय की ही चळवळ वेल्सच्या पाळण्यात होती, वाढली भारतात आणि मोठी झाली लॉस एंजेलिसमध्ये.

आता चिली. मुक्ती मिशनमध्ये मिनी एब्रम्स नावाच्या अमेरिकन मेथॉडिस्ट बाई रमाबाईंबरोबर काम करत. केडगावला जे घडलं त्याबद्दल त्यांनी १९०६ साली एक पुस्तिका लिहिली. शिकागोच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये त्यांच्याबरोबर शिकलेल्या मेरी हूव्हर आता नवऱ्याबरोबर चिलीतल्या वालपराइझो शहरात होत्या. त्यांना ती पुस्तिका पाठवली. विलिस हूव्हर यांनी वाचली, मंडळीला सांगितली, आणि १९०९ साली वालपराइझोत संजीवन झालं. चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांची सुरुवात ती.

म्हणजे दौंड तालुक्यातल्या दुष्काळी मुलींच्या प्रार्थनेची हकिकत टपालानं दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेली आणि तिथं एक अख्खी परंपरा सुरू झाली. मुलांना हे सांगितलं तेव्हा नकाशाचं काम करणारी मुलगी म्हणाली, “ताई, मग ही रेघ सगळ्यात जाड काढायची.” काढायचीच.

अन्य भाषांत, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या भाषांत, बोलण्याच्या वरदानाबद्दल आमच्यात मतभेद आहेत आणि ते राहणार. रमाबाईंनी ते पवित्र आत्म्याचं एक चिन्ह मानलं, एकमेव खूण मानली नाही. फलकावर तेवढं एक वाक्य घातलं. आमच्या शहरात जुन्या मंडळ्यांचे आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांचे लोक एकमेकांच्या उपासनेला फारसे जात नाहीत. दोघांनीही या फलकासमोर उभं राहावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

५ नोव्हेंबर

कापड आलं. पांढरं, जरा जाडसर, सुती. सहा फूट रुंद नकाशा सभागृहाच्या फरशीवर पसरला आणि लगेच अडचण दिसली. या मापात एक सेंटिमीटर म्हणजे साधारण दोनशे वीस किलोमीटर. मुंबई, पुणे, केडगाव, नगर, सोलापूर, सगळं बोटाच्या पेराएवढ्या जागेत येतं. सुई घालायला जागा नाही आणि आपल्या प्रदर्शनाची निम्मी गोष्ट तर तिथंच आहे. म्हणून शेजारी महाराष्ट्राचा वेगळा मोठा नकाशा जोडायचा आणि त्यावर रेल्वेमार्ग घालायचे.

रेघा शाईनं काढायच्या नाहीत, दोऱ्यानं शिवायच्या, ही कल्पना अक्कांची. त्या शहराच्या पूर्व भागात राहतात, घरात तेलुगू बोलतात, भरतकामात हात बसलेला. मी धावदोरा म्हटलं होतं. अक्कांनी मान हलवली. धावदोऱ्याला दिशा नसते, कुठून सुरू झाला आणि कुठे संपला हे पाहणाऱ्याला कळत नाही. साखळी टाक्यात प्रत्येक कडी पुढच्या कडीकडे तोंड करून असते. त्यांनी कापडाच्या तुकड्यावर दोन इंच घालून दाखवलं, आणि खरंच, दुरूनही दिशा दिसते. सगळ्या रेघा साखळी टाक्यात. जिथून काही निघालं तिथं गाठीचा टाका.

बाहेरून आपल्याकडे आलेल्या रेघा निळ्या, आपल्याकडून गेलेल्या लाल.

९ नोव्हेंबर

टिळक पतिपत्नींचा फलक. इथं माझा हात आखडत नाही, उलट किती कापायचं हाच प्रश्न.

नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशानं नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या काळातला त्यांचा बराच मुक्काम पंढरपुरात होता, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. चंद्रभागेच्या काठी राहून नवऱ्याच्या धर्मांतराचं दुःख पचवणारी ही बाई पुढे स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळेला, १९०० साली ख्रिस्ती झाली. नवरा गेला म्हणून मागोमाग गेली, असं कुणी म्हणू नये.

टिळकांनी अभंग, ओव्या, कीर्तन मंडळीत आणलं. तुकारामांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदय’ची मराठी बाजू त्यांनी १९१२ पासून सांभाळली. शेवटच्या काळात मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताचे शिष्य म्हणवणाऱ्या सर्वांचा तो बंधुसंघ व्हावा, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अपुरं राहिलं होतं. जोडाक्षरं लिहिताना अडखळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी त्यातला फार मोठा भाग लिहून काढला.

पाळकसाहेबांचं म्हणणं, हा मराठी साहित्याचा भाग झाला, जागतिक चळवळीत कशाला? मी म्हटलं, परदेशी पैशावर आणि परदेशी चालीरीतींवर उभी नसलेली मंडळी कशी असावी, हा प्रश्न त्या वेळी आशिया-आफ्रिकेत सगळीकडे विचारला जात होता. चीनमध्ये, जपानमध्ये, पश्चिम आफ्रिकेत लोक आपापली उत्तरं शोधत होते. मराठीतलं उत्तर टिळकांचं, आणि ते आपण दर रविवारी गातो. पाळकसाहेबांना पटलं. फलकाखाली पेटी ठेवायची आणि टिळकांची पदं म्हणायची, ही सूचना त्यांचीच.

१६ नोव्हेंबर

एडिंबरो, १९१०. जागतिक मिशनरी परिषद, जूनमध्ये दहा दिवस, बाराशेच्या आसपास प्रतिनिधी. आशियातले वीससुद्धा नव्हते. जॉन मॉट अध्यक्ष. तिथं तमिळनाडूच्या व्ही. एस. अझरया यांनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं: तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, आपली शरीरं झिजवलीत, पण आम्हाला प्रेम हवंय, आम्हाला मित्र द्या. सभागृहात अस्वस्थता पसरली. काहींना ते उद्धट वाटलं.

अक्का म्हणाल्या, अझरया आमचे. वंशानं तमिळ, पण बिशप झाले दोर्णकलचे, तेलुगू मुलखात, १९१२ साली. अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. अक्कांच्या माहेरी त्यांचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात. त्यांनी आईकडून ऐकलेलं दोर्णकलच्या मोठ्या ख्रिस्तमंदिराचं वर्णन सांगितलं. १९३९ साली ते पुरं झालं. हिंदू मंदिरांची आणि मशिदींची घडण त्यात एकत्र आहे. अक्कांनी या फलकाचा मजकूर तेलुगूतही द्यायचा आग्रह धरला. सोलापुरात हे आपोआप यायला हवं होतं. हा फलक दोन्ही भाषांत होईल, आणि रमाबाईंचा कन्नडमध्येही. त्यांचा जन्मच कर्नाटकातला.

अझरयांची रेघ लाल. एडिंबरोला गेलेली ती आपली तक्रार होती, आणि पुढच्या काळात मंडळ्यांचं नेतृत्व कुणाच्या हाती असावं या वादात तिचा आधार घेतला गेला.

२० नोव्हेंबर

आजची बैठक कठीण होती.

सॅल्व्हेशन आर्मी या गरिबांत काम करणाऱ्या ख्रिस्ती चळवळीचा फलक मुलांनी छान लिहिला होता. विल्यम आणि कॅथरीन बूथ, १८६५, लंडनच्या पूर्व भागातली गरिबी, १८७८ साली नवं नाव. १८८२ साली फ्रेडरिक टकर हा सरकारी नोकरी सोडलेला अधिकारी मुंबईत उतरला. भगवे कपडे घातले, अनवाणी फिरला, फकीर सिंग नाव घेतलं. वाजतगाजत मिरवणुका काढल्या म्हणून पोलिसांनी त्यांना धरलं. वाचणाऱ्याला आवडेल असंच सगळं.

मी म्हटलं, याच फलकाचा दुसरा अर्धा भाग लिहायचा राहिलाय, आणि तो सोलापुरात लिहिला नाही तर कुठे लिहिणार?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसं जन्मानं गुन्हेगार ठरवली. १९११ च्या कायद्यानंतर वसाहती वाढल्या. त्यांतल्या अनेकींचा कारभार सरकारनं मिशनऱ्यांकडे दिला आणि सॅल्व्हेशन आर्मी त्यात पुढे होती. सोलापुरातही अशी वसाहत होती, तारेच्या कुंपणातली. पारधी, कैकाडी, टकारी कुटुंबं आत. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, आणि कामाला गिरण्यांत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर हा कायदा गेला. वस्तीचं नाव मात्र अजून सेटलमेंटच.

वसाहत चालवणाऱ्या मिशनऱ्यांना वाटत होतं की आपण माणसं सुधारतोय. शाळा काढल्या, दवाखाने काढले, हेही खरं. पण कुंपणाच्या किल्ल्या हातात घेऊन सांगितलेली सुवार्ता ऐकणाऱ्याला कशी ऐकू आली असेल, हा प्रश्न आम्हा ख्रिस्ती लोकांना टाळता येत नाही. एका ज्येष्ठांनी विरोध केला. नाताळच्या दिवसांत, पाहुण्यांसमोर हे कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी आवाज चढवला नाही, पण मागेही हटले नाही. लंडनच्या झोपडपट्टीत सूप वाटणारी चळवळ आणि पहाटेची हजेरी घेणारी चळवळ एकच होती. एक बाजू दाखवून दुसरी झाकली तर बाकीच्या फलकांवर तरी लोकांनी का विश्वास ठेवावा?

शेवटी आजोबा बोलले. त्यांच्या खात्यात सेटलमेंटमधली माणसं होती. पाळी सुटल्यावर बाकीचे चहाला थांबत, ही माणसं हजेरी चुकेल म्हणून पळत सुटायची. त्यांच्या वडिलांनी पाहिलेलं, त्यांनी लहानपणी पाहिलेलं. ज्येष्ठ गप्प झाले. फलक राहणार.

२३ नोव्हेंबर

कॅथलिक भाग आजवर पातळ राहिला होता. शेजारच्या आंटींना बोलावलं. त्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे, लहानपणची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, लॅटिनमध्ये. फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करत आणि आंटींना उत्तरं तोंडपाठ होती, अर्थ कळायचा नाही. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली, आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. आंटी सांगतात, पहिल्यांदा मराठीत मिस्सा ऐकली तेव्हा त्यांच्या आजी मोठ्यानं रडल्या. काहींना मात्र आवडलं नव्हतं. पवित्र काहीतरी हरवलं असं वाटलं. दोन्ही गोष्टी आंटींच्याच शब्दांत फलकावर जातील.

परिषद चालू असतानाच, १९६४ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला, पोप सहावे पॉल मुंबईला आले होते. भारतात आलेले पहिले पोप. आंटींचे काका ते पाहायला गाडीत उभे राहून गेले होते.

२९ नोव्हेंबर

आजची तारीख साधून एकीकरणाचा फलक लिहिला. १९७० साली याच दिवशी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडिया २७ सप्टेंबर १९४७ लाच झालं होतं. त्यासाठी झटलेले अझरया १९४५ च्या पहिल्याच दिवशी गेले, त्यांना ते पाहायला मिळालं नाही. बिशप असलेल्या आणि बिशप न मानणाऱ्या परंपरा एका छपराखाली आणण्याचं हे काम जगात इतरत्र लोक उत्सुकतेनं पाहत होते. लाल रेघ. लहान फलक, पण हवाच.

३ डिसेंबर

विसाव्या शतकाचा शेवटचा गठ्ठा. बिली ग्रॅहमवर तरुणांचा जीव आहे, त्यांना ठेवलं. मी फक्त मजकूर छोटा करायला लावला, कारण त्यांची माहिती कुठेही मिळते.

जागा दिली हॉवर्ड थर्मन यांना. हे आफ्रिकन-अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ १९३६ च्या फेब्रुवारीत बारडोलीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांना अमेरिकेतल्या काळ्या लोकांबद्दल खोदून खोदून विचारलं. परत गेल्यावर थर्मन यांनी मांडलं की येशू भिंतीला पाठ टेकलेल्या माणसांच्या बाजूचा आहे. किंग यांच्यावर त्या मांडणीचा खोल परिणाम झाला, आणि १९५९ साली किंग स्वतः भारतात आले. जर्मनीत हिटलरला विरोध करणाऱ्या बॉनहॉफर यांनाही गांधीजींकडे यायचं होतं, १९३४ साली तसा पत्रव्यवहार झाला, येणं झालं नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिली. युरोपातलं महायुद्ध संपायला महिनाच उरला होता.

१९७१ साली पेरूमध्ये गुस्तावो गुटिएरेझ यांनी गरिबांच्या बाजूनं सुवार्तेचा अर्थ लावणारं मुक्तीचं धर्मशास्त्र मांडलं. दहा वर्षांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी विचारलं की लॅटिन अमेरिकेची मुक्ती उसनी घेऊन आपलं कसं भागेल, इथं जात आहे. भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्र वरच्या जातींच्या तत्त्वज्ञानातच का रमतं, मंडळ्यांत बसलेली बहुसंख्य माणसं तर दलित आहेत. दलित धर्मशास्त्राची सुरुवात तिथून. हे वाचताना संघातला एक मुलगा म्हणाला, “हे आम्हाला शब्बाथ शाळेत कुणी शिकवलं नाही.” त्याच्या आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. फलक त्यालाच लिहायला दिला. आला तो सगळ्यात थेट, सगळ्यात कमी शब्दांचा.

१० डिसेंबर

छपाई झाली. कापडावर काळी शाई किंचित पसरते म्हणून अक्षर दोन पॉइंटांनी वाढवलं. अक्का आणि महिला मंडळ रात्री उशिरापर्यंत टाके घालताहेत. केडगाव ते वालपराइझो ही रेघ तीन पदरी लाल दोऱ्यात आहे, अटलांटिक ओलांडून थेट दक्षिण अमेरिकेच्या पलीकडच्या किनाऱ्याला टेकते.

१४ डिसेंबर

प्रदर्शन उघडलं. गर्दी चांगली. मंडळीबाहेरचे लोक बरेच आले, शाळांची मुलं आली. पेटीवर टिळकांची पदं सुरू झाली तेव्हा एक वारकरी गृहस्थ थांबले आणि टाळी धरून शेवटपर्यंत बसले. शहरातल्या एका पेंटेकॉस्टल मंडळीचे पास्टर सहकुटुंब केडगावच्या फलकासमोर बराच वेळ होते. रमाबाईंचं नाव त्यांना माहीत होतं, १९०५ माहीत नव्हतं. त्यांनी हा फलक आणि नकाशा आपल्या सभेत लावायला मागितला. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की देऊ.

दुपारी सेटलमेंट फ्री कॉलनीतून एक बाई नातवाला घेऊन आल्या. सॅल्व्हेशन आर्मीचा फलक त्यांनी नातवाकडून मोठ्यानं वाचून घेतला. मग मला म्हणाल्या, यात कायदा आहे, साल आहे, चालवणारे आहेत, आत राहणाऱ्यांचं बोलणं कुठाय? माझ्या सासूबाई कुंपणाच्या आत जन्मल्या, अजून आहेत, बोलतात. त्यांच्याकडून ऐकायला याल का?

शुक्रवारी संध्याकाळी जायचं ठरलं. निर्मल यांचा फलक लिहिणारा मुलगा बरोबर येणार आहे, फोनवर रेकॉर्ड करू. आजोबांनी त्याच मापाचं आणखी एक कापड कापून ठेवलंय.